काऊन बंद केलं?

जगात एखादी गोष्ट सुरू करणं अवघड आणि बंद करणं सोपं असतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या साडूंच्या तावडीत एकदा सापडून पाहावं. माझ्या मेव्हणीचे हे यजमान अमरावतीला राहतात आणि वर्गणीदार सांभाळण्याचं सॉफ्टवेअर विकतात. मासिक असो, वाचनालय असो, डबा असो की व्यायामशाळा. कोण कधीपासून आहे, कुणाची मुदत कधी संपते, कुणाला आठवण करायची, हे सगळं ते सॉफ्टवेअर बघतं. कंपनी जुनी आहे. इतकी जुनी, की तिचा जन्म झाला तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जावं लागे. त्याआधी साडू संत्रा बागाइतदारांच्या एका मासिकात पत्ते लिहायचे. लिहून लिहून वर्गणीदार असे पाठ झाले की लग्नाच्या पंगतीत अनोळखी माणसानं नाव सांगितलं, की हे त्याचं गाव, तालुका आणि पिनकोड सांगून मोकळे! मग कुठून तरी त्यांनी एक वापरलेला कॉम्प्युटर आणला, देवघराशेजारी मांडला, मेव्हणीनं त्याला झालरीचं कव्हर शिवलं आणि साडू कंपनीचे मालक झाले. पूजेच्या वेळी कीबोर्डच्या फटीत गेलेल्या अक्षता कधीच निघाल्या नाहीत, हे ते आजही अभिमानानं सांगतात.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या इंजिनिअरशी त्यांचं पहिलं भांडण पत्त्यावरून झालं. घर नंबर, रस्ता, गाव अशा चौकटी त्यानं केल्या होत्या. साडू म्हणाले, "घर नंबर कोनाले माईत असते, बावा? खून टाक, खून!" इंजिनिअर दचकला. साडूंना घराची खूण हवी होती. अखेर 'खूण' नावाची चौकट आली, आणि ती बाकी सगळ्या चौकटींपेक्षा मोठी निघाली. तीत शेंदूरजनाघाटच्या एका बागाइतदाराची खूण अशी होती: 'पाण्याच्या टाकीमागे, जिथे कुत्रं भुंकते ते घर.' ते कुत्रं गेल्यावर बागाइतदारानं पोस्टकार्ड टाकलं, की कुत्रं वारलं आहे, पण अंक येऊ द्यावा, दुसरं आणतो आहे. अकोल्याला आमच्या घरी माझ्या बायकोच्या नावानं एक मासिक येई. त्यासाठी घराची खूण तिनंच फोनवर सांगितली होती: 'दारात मोगरा. अंक बाईंच्याच हाती द्यावा. गुरुजींजवळ देऊ नये, कुठंतरी ठेवून विसरतात.' साडूंनी ती शब्दन् शब्द टाकली. तेव्हापासून दर महिन्याला पोस्टमन वेष्टनावर छापलेली ती खूण माझ्यासमोर वाचायचा आणि अंक पाठीमागं धरून विचारायचा, "बाई हाएत का घरी?" मी या गावात अख्खी हयात मास्तरकी केली, पण पोस्टखात्यात माझी पत काय आहे ती एवढीच.

पण साडूंचा जीव की प्राण म्हणजे 'बंद' हे बटण. ते दाबलं तरी वर्गणीदार लगेच बंद होत नसे. पडद्यावर प्रश्न येई: 'वर्गणीदाराशी स्वतः बोललात का? काऊन बंद केलं?' आणि खाली रिकामी जागा. एखाद्या शब्दात भागवू म्हटलं तर यंत्र ढिम्म हलत नसे, चांगलं वाक्यभर कारण लिहावं लागे. त्यामुळे साडूंच्या संग्रही जी कारणं जमली, ती त्यांनी जपून ठेवली आहेत आणि जेवणावर बसलं की वाचून दाखवतात. 'मोतीबिंदू आहे, दिसायला लागलं की सुरू करतो.' 'अंक सून आधी वाचते.' 'रागात बंद केलं होतं, आता राग नाही.' अकोल्याचा एक व्यायामशाळावाला तर माझ्यासमोर त्यांच्यावर उखडला होता. "भाऊ, पोट्टे माही जिम सोडून राहिले, अन् तुमचं मशीन मलेच जाब इचारते!"

साडू शांतपणे म्हणाले, "मंग इचार ना त्याइले. सोडून जानारा मानूस कायीतरी सांगत असते. कोनी आयकतच नाई."

त्यानं खरंच फोन लावले. अर्धी पोरं लाजून परत आली, आणि जिमवाला दिवाळीला मिठाई घेऊन अमरावतीला गेला.

फ्लॉपी गेली, सीडी गेली, सॉफ्टवेअर मोबाईलवर आलं आणि 'बंद' बटण खुद्द वर्गणीदारांच्या हाती गेलं. प्रश्न मात्र राहिला. मग साडूंचे गुडघे बोलू लागले, आणि पुण्याची एक मोठी कंपनी सगळं विकत घ्यायला तयार झाली. मेव्हणीला आनंद झाला. साडूंना झाला नाही, कारण पुणेकरांची एकच अट होती: तो प्रश्न काढायचा. न विकावं तर साडूंमागं कंपनी बघणारं कुणी नाही, म्हणजे सगळंच बुडणार. विकावं तर प्रश्न जाणार. बोलणी करायला त्यांनी मला बोलावून घेतलं. "गुरुजी, तुमची भाषा सुधी हाय. माह्या तोंडून भलतंच निंगते."

पुण्याहून आलेल्या बाई हुशार होत्या आणि आग्रहानं वाढलेले रोडगे-वांगी मुकाट्यानं खात होत्या. त्या म्हणाल्या, "काका, लोकांना एका बोटात बंद करता यायला हवं. कारण विचारणं जाचक वाटतं त्यांना."

"जाचक हायेच," साडू म्हणाले. मी माझी सुधी भाषा काढणार, तेवढ्यात ते पुढं बोलले, "काढा तो प्रश्न. पन वऱ्हाडातलं जे जुनं नाव बंद होईल, त्याची यादी माह्या मोबाईलवर येऊ द्या. यंत्र नाई इचारनार, मी इचारीन. माहं इचारून होत नाई तोवर अंक चालू ठेवा. मी हाओ तोवर."

बाई हसल्या, पण कागदावर तसं लिहून दिलं. साडूंनी सही केली आणि बाईंच्या ताटात आणखी एक वांगं वाढलं.

तेव्हापासून साडू एसटीनं हिंडू लागले. मूर्तिजापूरला, वरुडला, एकदा तर जीपला लटकून धारणीपलीकडं. गुडघ्यांसाठी कंपनी विकली आणि आता त्याच गुडघ्यांवर हिंडतात, असं मेव्हणी कपाळावर हात मारून सांगते.

मागच्या वर्षी माझी बायको गेली. तिच्या नावाचे अंक येतच राहिले. तीन अंकांची वेष्टनं मी फोडलीच नाहीत. एका संध्याकाळी मोबाईल घेतला आणि 'बंद' दाबलं. कुणी काही विचारलं नाही. एका बोटात बंद झालं. इतकं वाईट मला स्मशानातही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात साडू. हातात वही.

"गुरुजी, ताईचं नाव आलं यादीत. नियमानं इचारा लागते. काऊन बंद केलं?"

त्यांना काय ठाऊक नव्हतं? तिला खांदा दिला होता त्यांनी. मी रागावून तसं म्हणालोही. ते म्हणाले, "मले माईत हाय. तुमी सांगा." आणि बसले. मग मी सांगायला लागलो. दवाखान्याचं, त्याआधीचं, अगदी आमच्या लग्नातल्या रुसव्याचंही. मधे आम्ही दोघांनी मिळून खिचडी केली, ती करपली, तशीच खाल्ली. उन्हं उतरल्यावर साडूंनी वही उघडली, काहीतरी लिहिलं आणि शेवटच्या गाडीसाठी उठले. मी वही ओढून घेतली. लिहिलं होतं: 'गुरुजीचं सांगून झालं नाही. पुन्हा जा लागते. तोवर अंक चालू.'

ते दर महिन्याला येतात. अंकही येतो. पोस्टमन वेष्टनावरची खूण मनातल्या मनात वाचतो, क्षणभर थांबतो आणि अंक माझ्या हातात देतो. अजून एकही मी कुठं ठेवून विसरलेलो नाही.