जित्या नवऱ्याची फारकती

फाइली निकाली निघतात, कपाटातून जातात. किस्से मात्र चहाच्या टेबलाशी येऊन बसतात आणि उठायचं नाव घेत नाहीत! तालुक्याच्या कोर्टात इतकी वर्षं घटस्फोटाच्या केसेस चालवल्यावर माझ्याकडे ते पोत्याने जमलेत. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, हे आधीच सांगते. आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या उन्हात भूतसुद्धा सावली शोधत फिरेल! तरी सुजाताच्या केसबद्दल बोलायचं झालं की मी खोलीचं दार उघडं ठेवते.

*

सुजाता आसेगावहून पहिल्या बसने आली. नवरा मिलिंद, पक्का दारुडा. मी माझं नेहमीचं भाषण दिलं: नुसतं पिणं कायद्याला पुरत नाही, त्या पिण्याने तुझा छळ झाला हे सिद्ध करावं लागेल, वेळ लागेल.

"येळच नाई ना, मॅडम! डाक्टर म्हनते त्याचं लिव्हर गेलं. थो मरायच्या आंधी फारकती पाहिजे मले."

"अगं, मग थांब ना थोडं. आपोआप सुटशील!" माझी जीभ जरा तिखटच आहे.

"सुटत नाई, मॅडम. मंग मी त्याची इधवा होईन. लोकं मले त्याच्या नावानं रडायले बसवतीन. थो जिता असताना लय रडली मी. मेल्यावर नाई रडत!"

नवरा मेला की घटस्फोटाची केसही संपते. म्हणजे आमची शर्यत थेट मिलिंदच्या लिव्हरशी होती. मी त्याच दिवशी कागद टाइप करायला दिले.

*

आमची साक्षीदार होती शेजारीण शांताबाई. आवाज खणखणीत, कुणाला न घाबरणारी. मी खूश होते.

"पोळ्याच्या दिवशी सांजीले काय भांडन झालं सायेब! भांडे आपटले, ही रडली, पोरगी रडली. सारं आयकलं म्या."

मिलिंदचे वकीलसाहेब टुणकन उठले. "पोळ्याला माझा अशील अकोल्याला व्यसनमुक्ती केंद्रात भरती होता!"

मी सुजाताकडे पाहिलं. ती हळूच माझ्या कानात म्हणाली, "मी बी घरी नव्हती, मॅडम. पोरीले घेऊन मानोऱ्याले माहेरी होती. घराले कुलूप होतं."

झालं! केस आडवी पडली असं मला वाटलं. वकीलसाहेबांनीही केंद्राच्या कागदाबरोबर माहेरची गोष्ट शोधून आणली होती. ते मिशीत हसत म्हणाले, "बाई, घर बंद होतं. खोटं का बोलता?"

शांताबाईचा चेहरा पडला. ती उलट त्यांनाच विचारू लागली, "मंग रडून कोन राह्यलं होतं, सायेब?"

वकीलसाहेबांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "आणखी प्रश्न नाहीत."

*

मग मिलिंदची उलटतपासणी आली. वाळलेला, डोळे पिवळे, अंगावर स्वच्छ पांढरा शर्ट. तो रविवारी विहारात जातो हे मला माहीत होतं. पंचशीलातलं पाचवं शील नशापाणी न करण्याचं. मी तिथेच बोट ठेवलं.

"विहारात पाचही शीलं म्हणता का हो?"

"नाई मॅडम. चारच म्हनतो. पाचव्याले तोंड बंद ठेवतो."

"का?"

"चौथं खोटं न बोलन्याचं हाय ना. पाचवं म्हटलं तं चौथं मोडते!"

सगळं कोर्ट हसलं. पुढे मी जे जे विचारलं, मारहाण, उपाशी ठेवणं, पोरीची पुस्तकं फेकणं, ते सगळं त्याने "हो" म्हणून कबूल केलं. वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला. केस माझ्या बाजूने झाली, पण त्या माणसाचा मला धड राग येईना, आणि त्याचाच मला राग आला.

*

त्यानंतर तो दवाखान्यात पडला तो उठलाच नाही. मुलीचा ताबा कुणाला द्यायचा म्हणून न्यायाधीशांनी आठ वर्षांच्या प्रज्ञाला चेंबरमध्ये बोलावलं. प्रेमाने विचारलं, "बाबा पिऊन येतात ते तुला कळतं का गं?"

"मले नाई, आमच्या कुत्र्याले कळते. बाबा यायच्या आंधीच थो दारातून उठून चालला जाते."

साहेब हसले. "हुशार आहे की कुत्रा! आता बाबा दवाखान्यात आहेत, तर तो आरामात झोपत असेल."

"नाई ना. आताबी रोज दिवेलागनीले उठून जाते."

साहेबांनी पाणी मागवलं.

*

निकालाचा दिवस. सुजाताला मी सकाळपासून समोर बसवून ठेवलं होतं. तिचं एकच चाललं होतं, "आज तरी होईन ना, मॅडम? थो आज तरी राहीन ना?"

गुलाबभाऊ म्हणजे आमच्या कोर्टाचे शिपाई. त्यांनी दारात उभं राहून मिलिंदच्या नावाचा पुकारा केला. एकदा, दोनदा. दवाखान्यातला माणूस कुठून येणार! तिसऱ्यांदा पुकारलं आणि व्हरांड्यातल्या गर्दीतून आवाज आला, "हाजिर हाय!"

स्पष्ट, मोकळा आवाज. साहेबांनी कागदातून डोकं न उचलताच "आत या" म्हटलं आणि निकाल वाचून टाकला. घटस्फोट मंजूर, मुलगी आईकडे. सुजाताने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

तेवढ्यात वकीलसाहेब धापा टाकत आत आले. हातात मोबाईल. "साहेब, माफ करा. माझा अशील सकाळीच वारला. दवाखान्यातून आत्ता फोन आला."

साहेबांनी दाराकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. दारात गुलाबभाऊ भिंतीला चिकटून उभे होते.

"कोण हाजिर म्हणालं, गुलाबभाऊ?"

"मालूम नाई, सायेब. मी तं त्याले आत यायले बाजूले सरकलो ना!"

मी सुजाताकडे वळले. मला वाटलं ही आता कोसळणार. ती त्या रिकाम्या दाराकडे बघत होती.

"आवाज त्याचाच होता, मॅडम," ती म्हणाली. "पन पिलेला नव्हता."