हत्तीची पाठ आणि पाय

छापखान्यात त्याला सगळे खुडबुड्या म्हणायचे. हात म्हणून गप्प बसत नसे. जेवताना डब्याचं झाकण फिरव, बोलताना समोरच्याच्या शर्टाचं बटण पीळ, आणि मशीनवर असला की शाई कमीजास्त करायचे स्क्रू. जरा इकडं, जरा तिकडं. जुनं मशीन त्याच्याकडं, नवं धाकट्या भावाकडं. मालकांनी नवं धाकट्याला दिलं तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. एका घरात राहून भाजीसुद्धा बायकांमार्फत मागायचे.

अशात खेळण्यांच्या खोक्याचं काम आलं. वर राखाडी हत्ती. पाठ झाकणावर, पाय खोक्यावर. घाई म्हणून झाकणं नव्या मशीनवर लावली, खोकी जुन्यावर. मालकांनी पहिलं झाकण बसवून पाहिलं. पाठ निळसर, पाय तांबूस.

"हा एक हत्ती आहे का दोन जनावरं?" मालक खुडबुड्याला म्हणाले. "उद्या गिऱ्हाईक येतंय. जुळलं नाही तर सगळं नव्यावर घेतो आणि तुझं धूड भंगारात. मग घरी बसून झाकणं फिरव."

असला राखाडी मोठा खोडील. निळी, तांबडी, पिवळी शाई नेमक्या मापात एकावर एक पडली तरच तो होतो. एक जरा चढली की लगेच चुगली करतो. आणि दोन मशीनं कधी सारखी शाई ओढत नाहीत.

धाकटा चहाला गेला तसा खुडबुड्यानं त्याचा एक छापील कागद हळूच उचलला. निळी चढव, तांबडी उतरव, कागद काढ, पुन्हा बघ. घामानं निथळला, पण त्या पाठीसारखे पाय करून सोडले.

संध्याकाळी मालकांनी पुन्हा झाकण बसवलं. पाठ तांबूस, पाय निळसर.

"तू हात लावलास?" खुडबुड्या ओरडला.

"मग? तुझं मशीन जाईल म्हणून तुझ्यासारखं केलं," धाकटा खेकसला. "तू जेवत होतास तेव्हा कागद नेला. तुला कुणी सांगितलं होतं शहाणपण?"

"विचारायचं तरी!"

"तू बोलतोस का?"

"भांडण घरी न्या," मालक म्हणाले. "हत्तीचं बोला."

धाकट्यानं कागदाच्या कडेची पट्टी पुढं केली. तिच्यावर दोन चौकोन शेजारी शेजारी. एक तीन शायांचा राखाडी, दुसराही राखाडीच, पण नुसत्या काळ्या शाईच्या बारीक ठिपक्यांचा. "दादा, तू माझ्याकडं बघू नको, मी तुझ्याकडं बघत नाही. हा काळ्याचा चौकोन कुणाच्या बापाला भिऊन निळा होत नाही. दोघं यालाच जुळवू."

"मीच शिकवलंय तुला हे."

"मग केलं का नाहीस?"

खुडबुड्यानं पट्टी ओढून घेतली आणि उजेडात धरली.

सकाळी दोन्ही मशीनांवर चौकोन चौकोनाला मिळाले. खरा जाच पुढंच होता. मशीन चालू, गिऱ्हाईक वाटेत, आणि खुडबुड्याला पाय तांबूस वाटायला लागले. चौकोन बघितला, ठीक. पुन्हा पाय बघितले, तांबूस. बोटं स्क्रूपर्यंत गेली.

"दादा, हात!" पलीकडून धाकटा गरजला.

त्यानं हात काखेत दाबले. मग पाठीमागं. मग खिशात कोंबले.

गिऱ्हाईक आलं. झाकण बसवलं, फिरवलं, उजेडात नेलं. "हत्ती झकास," म्हणालं, "डोळा तेवढा मोठा करता येईल का?"

मालक हसले. जुनं मशीन धडधडत राहिलं. आणि खुडबुड्याच्या खिशात घराच्या किल्ल्या सारख्या खुळखुळत होत्या.