माझ्या प्रबंधातली चार पानं

नागपूरला एम.ए.साठी मी वऱ्हाडातल्या पेरणीच्या जुन्या रीतींवर प्रबंध लिहिला. जानेफळला माझ्या मावशीचे सासरे होते. त्यांनी सरकीच्या पेरणीची सगळी हकीकत ओसरीवर बसून सांगितली. ती मी त्यांच्याच शब्दांत उतरून घेतली.

प्रबंध दिल्यावर महिन्याभरात मला तीन प्राध्यापकांच्या समितीपुढे बोलावलं. समोर एक मासिक ठेवलेलं होतं. त्यात दुसऱ्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांचा लेख होता आणि माझी चार पानं त्याच्याशी जवळजवळ शब्दाला शब्द जुळत होती. ते मासिक मी तोवर पाहिलंही नव्हतं. मी तसं सांगितलं, पण माझंच मला खोटं वाटायला लागलं. कधीतरी कुठेतरी वाचून मी विसरलो असेन का?

मी तडक जानेफळ गाठलं आणि म्हाताऱ्यांना विचारलं. ते प्राध्यापक आदल्या वर्षी त्यांच्याकडेच येऊन गेले होते. लेख छापून आल्यावर गावच्या मास्तरांनी तो त्यांना दोन-तीनदा वाचून दाखवला होता.

"मी सांगतलं ते इकडचं तिकडं होतं," म्हातारे म्हणाले. "त्यानं नीट लावलं. मले आवडलं, म्हून तसंच पाठ केलं. तुले तेच सांगतलं."

"पण बाबा, मंग ते बोलणं कोणाचं?"

"माह्यंच तं हाय. काऊन?"

मी हे सगळं समितीला सांगितलं. एकाचं म्हणणं, नकळत का होईना, शब्द दुसऱ्याचे आहेत, तेव्हा ही चोरीच. दुसऱ्या प्राध्यापकांना हेतू नाही तिथे दोष दिसेना. तिसऱ्यांनी विचारलं, लेखात तरी म्हाताऱ्याचं नाव कुठे आहे? शेवटी ती पानं काढून प्रबंध पुन्हा द्यायला सांगितलं. मी दोषी की निर्दोष, हे कुणी म्हटलं नाही. मीही विचारलं नाही.

पदवी वर्षभर उशिरा मिळाली. चिखलीला घरी वडिलांना सगळी गोष्ट सांगितली. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "तू चोरी केली व्हती का?"

"नाई."

"मंग पानं काऊन काढली?"

मी त्यांना समितीचं म्हणणं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो, पण मध्येच मलाच त्याचा धागा सापडेना.