आमच्या कसबांची पुरवणी

तीन रविवार गेले तरी आमची उघाडी बंद होत नव्हती, आणि त्यात माझाही हात होता, म्हणून मला कुणावर धड चिडताही येत नव्हतं.

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधाला असतो तो पाण्याचा दरवाजा. भरती यायच्या आत तो पाडायचा, नाहीतर खारं पाणी शेतात. आमची उघाडी मात्र खरी नव्हती, बाईंच्या गोष्टीतली होती. बाई पेणला हायस्कुलात शिकवतात आणि रविवारी दुपारी आम्हाला घेऊन खेळ खेळतात. प्रत्येकाचं एक पात्र. बाई गोष्ट सांगतात, आपण आपलं पात्र काय करतं ते सांगायचं, आणि ते त्याला जमलं की नाही हे वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. पात्राला काय काय येतं त्याला आम्ही कसब म्हणतो.

मी या खेळात आले ती मातीमुळे. मी हिंगोलीकडची. आठवीत शाळा सुटली, पुढे चुलतबहिणीच्या ओळखीने इथे पेणला गणपतीच्या कारखान्यात कामाला लागले. आधी पॉलिश पेपर मारायचे, मग रंग, आता डोळ्यांची आखणी करते. बाई एकदा कारखान्यात आल्या, खेळासाठी बोटभर उंचीची माणसं हवी होती त्यांना. उरलेल्या शाडूतून मी आठ करून दिली. त्या म्हणाल्या, "रविवारी ये, ही कशी चालतात ते बघ." तोवर रविवारी मी खोलीवर कपडे धुवायचे आणि आईला फोन करायचे. आईला सांगायला काही नसायचं. म्हणून त्या एका वाक्याचे माझ्यावर किती उपकार आहेत ते बाईंना कधी कळायचं नाही, आणि मी सांगणारही नाही.

टेबलाभोवती आम्ही चौघं. बाई, मी, रोह्याजवळ धाटावला कंपनीत ऑपरेटर असलेला बाईंचा जुना विद्यार्थी, त्याला मी भाऊ म्हणते, आणि काका. काका खाडीकडच्या गावातले, सगळं आयुष्य मिठागरात गेलेलं. बाईंच्या घरी नारळ उतरवायला आले होते, खेळ बघत दारात उभे राहिले, आणि थोड्या वेळाने म्हणाले, "असा कोण मरतो? सरक गो, मना बसू दे." तेव्हापासून बसलेत. त्यांचं पात्र म्हणजे तेच. नाव तेच, वय तेच, गुडघा दुखतो तोसुद्धा.

भानगड पुरवणीने केली. खेळाचं पुस्तक इंग्रजी. त्यातली कसबं म्हणजे घोड्यावर बसणं, तलवार, कुलूप फोडणं. आमच्यात घोड्यावर कुणी बसलेलं नाही. बाई म्हणाल्या, आपली कसबं आपण लिहू, घरचीच पुरवणी करू. ज्याचं काम त्याने नियम लिहायचे. माझं अक्षर बरं म्हणून दोनशे पानी वहीत उतरवून काढायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी खुळ्यासारखी खूष झाले.

काय झालं ते सांगते. ज्याने त्याने आपलं काम जगात सगळ्यात अवघड करून ठेवलं. काकांनी मीठ पिकवायच्या सात पायऱ्या सांगितल्या, प्रत्येकीला फासा, एक चुकली की मीठ गेलं. ओल्या बांधावरून धावायचं तर दर वीस पावलांना पंधराच्या वर यायला हवं. भाऊने लिहिलं की कुठल्याही यंत्राला हात लावायच्या आधी परमिट, त्यावर तिघांच्या सह्या, आणि मग फासा. आणि मी? मी लिहिलं, डोळ्यांची आखणी, अठराच्या खाली चालणार नाही, संधी एकच.

फक्त बाईंचं पान अर्ध्या ओळीचं होतं. वाचन: फासा नको, सगळ्यांना येतं.

मग काय व्हायचं? पहिल्या रविवारी उघाडीपाशी बसवायच्या देवीच्या मूर्तीचे डोळे रंगवताना माझ्या पात्राने, म्हणजे कारागिरिणीने, चार मूर्ती वाया घालवल्या. दुसऱ्या रविवारी परमिटवर तिसरी सही द्यायला कुणी नव्हतं म्हणून उघाडीकडे जायची बोट सुरूच झाली नाही. वाट बघून बघून आम्ही भेळ खाल्ली आणि घरी गेलो. मी वहीत नियम उतरवत होते आणि आतल्या आत दातओठ खात होते. बोलायची सोय नव्हती. ज्यांनी आपल्याला बसायला जागा दिली त्यांना तोंड वर करून काय सांगणार?

तिसरा रविवार, अधूनमधून व्हायचा तसा, रोह्याला भाऊच्या खोलीवर होता, कारण त्याला दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट होती. गोष्टीत भरती चढत होती. काका बांधावरून उघाडीकडे धावले. फासा टाकला, चार.

"पडलात, काका," बाई म्हणाल्या.

"कोण?"

"तुम्ही. बांधावरून घसरलात."

"मी? बांधावर?"

"नियम तुमचाच आहे ना. पंधराच्या वर."

"तो मी दुसऱ्यांसाठी लिवला!" काकांचा आवाज चढला. "शिकल्यासवरल्या माणसांसाठी. मी कसा पडंन? झोपेत चालत जाईन मी तितनं!"

भाऊला हसू आवरेना. "काका, सेफ्टी शूज घालत जा."

"तू बोलू नको. तुझ्या परमिटपायी मागल्या रईवारी बोट हालली नाय."

"विना परमिट कसं चालू करणार? आमच्याकडे तसंच असतं."

"खाडीत कोण देतो रं तुना परमिट? बोयटा मासा?"

"काका, नियम सगळ्यांना सारखा नको का?" बाईंनी शाळेतल्या आवाजात विचारलं, आणि तिथेच बिघडलं. काकांनी टोपी घातली. "मना पाडायचा हाय तर पाडा. मी नाय येत पुढल्या रईवारी." दार आपटून गेले.

गेले खरे, पण पेणकडे गाडी एकच होती. त्यामुळे पंधरा मिनिटांनी आम्ही तिघं रोहा स्टेशनच्या एकाच बाकापाशी. काका बाकाच्या या टोकाला, बाई त्या टोकाला, मध्ये मी वही घेऊन. गाडीत बसलो तेही समोरासमोरच, कारण काकांनी नेहमीच्या सवयीने बाईंसाठी खिडकी धरून ठेवली होती आणि मग त्यांना ती सोडवेना.

मधल्या निडी स्टेशनात गाडी थांबली आणि थांबूनच राहिली. समोरून दुसरी यायची होती. डब्यात पंख्याचा आवाज तेवढा. चार माणसांचा खेळ, एक गेला की दुसरा महिनाभरात जातो, कारखान्यात असे कितीतरी घोळके मोडताना पाहिलेत मी. मग परत रविवारचे कपडे आणि फोन. हे मी मान खाली घालून बसले म्हणून होऊ द्यायचं का? रागच आला मला, आणि पहिल्यांदा तो तोंडातून बाहेर पडला.

"काका, माझं पान खोटं आहे."

ते बाहेर बघत होते ते वळले.

"अठरा-बिठरा काही लागत नाही. सीझनला मी रोज इतक्या मूर्ती आखते की मोजतसुद्धा नाही. चुकलं तर पांढरा मारायचा आणि परत. संधी एकच कुठली? सोपं लिहिलं तर तुम्ही म्हणाल, आठवी नापास बाईचं काम, ते काय. म्हणून अवघड लिहिलं."

"माझं खोटं नाय," काका म्हणाले. "साती पायऱ्या खऱ्या हायत."

"खऱ्याच आहेत. पण तुम्ही पडता का बांधावर?"

"नाय."

"मग फासा कशाला टाकता?"

मी बाईंकडे वळले. आता थांबायची भीती जास्त वाटत होती. "आणि बाई, तुमच्या पानावर वाचायला फासा नाही. मला लागतो. वर्ष झालं, ते इंग्रजी पुस्तक माझ्यासमोर ठेवता, मी मान हलवते. त्यातलं मला ओळीत एखादं कळतं. काकांना बांधावर फासा लागत नाही तसा तुम्हाला वाचायला लागत नाही, एवढंच. ज्याचं काम त्याला फासा नको. दुसऱ्याने करायला घेतलं तर टाका."

बाईंनी चष्मा काढून पुसला. समोरची गाडी धडधडत गेली, मग आमची हलली. तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, वर्षभर? एकदा तरी सांगायचंस." मग माझ्या हातून वही घेतली आणि आपल्या पानावरचं 'सगळ्यांना येतं' खोडलं. हलत्या गाडीत पेन घसरलं, पान थोडं फाटलं. मी इतकं नीट उतरवलेलं पान.

काका पेणला उतरताना एवढंच म्हणाले, "बघू." बघू म्हणजे काय ते कोकणात येऊन इतकी वर्षं झाली तरी मला कळत नाही. तो आठवडा मी कसा काढला विचारू नका. कारखान्यात एका गणपतीचा डावा डोळा तिरका गेला, शेठ म्हणाले, "लक्ष कुठाय?" पांढरा मारला, परत आखला.

चौथ्या रविवारी मी बाईंच्या पडवीत तासभर आधी जाऊन बसले. भाऊ आला. चहा झाला. बाई नकाशा मांडून बसल्या होत्या. साडेतीनला फाटक वाजलं आणि काका आले, चप्पल काढली, आपल्या जागेवर बसले, आणि कुणाकडे न बघता मला म्हणाले, "पायऱ्या खोडल्यास काय गो?"

"नाही. नुसता फासा काढला."

"मग ठीक. फासा जाऊ दे. पायऱ्या ऱ्हायला पायजेत."

आणि त्यांनी बोलायला सुरुवात केली. बांधावर टाच आधी का टेकायची, पाण्याच्या बाजूला खांदा का ठेवायचा, उघाडीची फळी फुगलेली असली तर कुठे लाथ घालायची आणि कुठे अजिबात नाही. फासा नव्हता, पण वेळ पूर्वीपेक्षा दुप्पट लागला. भाऊ दोनदा घड्याळाकडे बघून उसासला. एकदा म्हणाला, "काका, भरती येऊन परत गेली असेल." "गेली तर गेली. नीट ऐक, तुना उद्या लागंल." मला हसावं की डोकं आपटावं कळेना. पण मी लिहीत होते, एक शब्द सोडला नाही.

शेवटी काकांनी हाताने फळी खाली दाबल्यासारखं केलं आणि म्हणाले, "पडली."

"पडली," बाई म्हणाल्या. "उघाडी बंद."

भाऊने टाळ्या वाजवल्या. काकांनी चहा मागितला. मग आम्ही तिघं बाईंकडे बघत राहिलो, आणि बाई नकाशाकडे.

"पुढे?" मी विचारलं.

बाईंनी नकाशा उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती. "पुढचं तयारच नाही केलं गं मी," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, अजून दोन रविवार तरी इथेच जातील."