वर्षभराचा पहिला की शेवटच्या दिवसाचा? बहरीनमधले पंधरा दिवस

बहरीनला मी फिरायला गेलेच नव्हते. मी गेले होते धाकट्या भावाचा कान धरायला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मिलिंद पाच वर्षं तिकडे सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये जनरेटर टेक्निशियन होता आणि त्याची बायको वैशाली अकोल्यात आमच्याकडे. लेक प्रज्ञा चार वर्षांची. बापाला ती फोटोतूनच ओळखायची. जूनमध्ये माझी शाळा सुरू झाली त्या दिवशी वैशाली म्हणाली, "ताई, तुम्ही जा आणि तोंडावर विचारा. आम्हाला नेता, की तुम्ही परत येता? एक काय ते सांगा म्हणावं." ती हे रडत म्हणाली असती तर मी समजूत काढून विषय संपवला असता. पण ती कणीक मळता मळता शांतपणे म्हणाली, म्हणून मी घाबरले, पासपोर्ट काढला आणि दिवाळीच्या सुट्टीत निघाले.

विमानात पहिल्यांदाच बसत होते. मुंबईहून तीन-साडेतीन तास. शेजारच्या गृहस्थांनी पट्टा कसा लावायचा ते दाखवलं. मी पडले शिक्षिका, त्यामुळे ते आधीच ठाऊक असल्यासारखा चेहरा केला. विमानतळावर मिलिंद दिसला. तो बारीक झाला होता, मिशी मात्र भरघोस. "ताई, तू एकटी आली नं? जय भीम!" म्हणत त्याने बॅग हिसकावली. टॅक्सीवाला दोन दिनार म्हणाला. एक दिनार म्हणजे तेव्हा साधारण शंभर रुपये, त्यामुळे माझा जीव वर-खाली झाला. आता निघणाऱ्यांनी माझे हे दर धरून बजेट करू नये.

मिलिंदच्या खोलीत सहा जण राहायचे, तिथे बाई माणूस कुठे झोपणार? माझी सोय अरादला, त्याच्या वर्कशॉपमधल्या इक्बालभाईंच्या घरी होती. इक्बालभाई मूळचे दापोलीकडचे, पंधरा वर्षं तिकडे, घरी बायको रुख्साना आणि दोन मुली. रुख्सानाभाभींनी दारातच विचारलं, "ताई, माशे खाता ना?" मी हो म्हटल्यावर पुढचे पंधरा दिवस मला कुणी वरणभात दाखवला नाही. मुलींना माझं सगळं मराठी कळायचं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये यायचं. मीही हट्टाने मराठीतच बोलत राहिले.

पहिले तीन दिवस खरंखुरं पर्यटन केलं. अरादचा किल्ला घरापासून चालत जाण्यासारखा आहे. आपल्याकडच्या गडांची सवय असेल तर तो अंगणात बांधल्यासारखा वाटतो, पण सकाळी समुद्रावरून वारा येतो तेव्हा तिथे बसावंसं वाटतं. खुबूस नावाची गरम रोटी बेकरीतून घ्यायची आणि चालता चालता संपवायची. दुपारी मात्र बाहेर पडू नका, ऑक्टोबर असला तरी.

शुक्रवार उजाडला आणि मला कळलं की या घरात एक वेगळंच वेड आहे.

वर्कशॉपचे मॅनेजर गुन्नार नावाचे एक स्वीडिश गृहस्थ होते. उंच, लालबुंद, कमी बोलणारे. त्यांची बहीण त्यांना गावाकडून व्हिडिओ कॅसेट पाठवायची, स्पीडवेच्या. म्हणजे मोटरसायकलींची शर्यत. मातीचा लंबगोल ट्रॅक, एका वेळी चार गडी, चार फेऱ्या. गाडीला ब्रेकच नाहीत! वळणावर गाडी आडवी घालायची आणि माती उडवत घसरत जायचं. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला भोपळा. असे गुण जमवत क्लब एकमेकांशी उन्हाळाभर लढतात. गुन्नारसाहेबांनी एकदा वर्कशॉपमध्ये एक कॅसेट लावली आणि आमच्या लोकांना ते वेडच लागलं. दर शुक्रवारी नमाज आटोपून इक्बालभाई आले की त्यांच्या दिवाणखान्यात दहा-बारा जण जमायचे. क्लबांची नावं उच्चारता येत नसल्यामुळे जर्सीवरून पिवळे आणि निळे. निकाल आधीच ठाऊक असलेल्या गुन्नारसाहेबांनी तोंड उघडायचं नाही, एवढा एकच नियम.

त्या शुक्रवारची कॅसेट अंतिम सामन्याची होती. पिवळे उन्हाळाभर गुणतक्त्यात पहिले. पण आता स्वीडनमध्ये प्लेऑफ होते, म्हणजे वरच्या चार क्लबांनी पुन्हा आपसात लढायचं आणि त्यात जिंकेल तो चॅम्पियन. चौथ्या नंबरवरून आलेल्या निळ्यांनी पिवळ्यांना हरवलं.

मिलिंद उठून उभाच राहिला. "हा कुठला न्याय हाये? वर्षभर यायनं घाम गाळला, अन् एका दिवसात पाणी फिरलं!"

"मिलिंद, बस खाली," इक्बालभाई हसत म्हणाले. "प्लेऑफ हाय हे त्यांना मे महिन्यात ठाऊक नव्हतं काय? चॅम्पियन असशील तर शेवटच्या दिवशी दाखव ना!"

"अन् शेवटच्या दिवशी गडी आजारी असन तर?"

"तर नशीब. खेळ म्हटला की नशीब आलंच."

केरळचे थॉमस म्हणाले की प्लेऑफशिवाय स्टेडियम भरणार कसं? मिलिंद म्हणाला, मग सर्कस आणा! मलाही राहवलं नाही. मी म्हटलं, आमच्याकडे वर्षभर मुलगी वर्गात पहिली असते आणि मार्चच्या एका पेपरात आडवी होते, तेव्हा निकाल पेपराचाच लागतो. मिलिंद माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी निळ्यांच्या गाडीवर बसले होते. गुन्नारसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले की त्यांच्या घरी यावरून वडील आणि बहीण दोन वर्षं भांडताहेत. आपण कुणाच्या बाजूचे ते त्यांनी सांगितलं नाही.

हसून पोट दुखलं माझं. मिलिंद एवढा जीव का काढतोय, ते मात्र कळेना.

ते कळलं झल्लाकच्या किनाऱ्यावर. दुसऱ्या दिवशी मिलिंदने अर्धी रजा टाकून मला पश्चिमेचा समुद्र दाखवायला नेलं. पाणी इतकं उथळ की पन्नास पावलं गेलं तरी गुडघ्यापर्यंतच. रोटीत मांस गुंडाळलेला शावरमा खाल्ला, तीनशे फिल्सला, म्हणजे तेव्हाचे तीसेक रुपये. जाणाऱ्यांनी पाणी आणि टोपी बरोबर ठेवावी, आणि जमल्यास भावाला आधीच बोलतं करावं.

वैशालीचा प्रश्न मी तिथे विचारला. तो वाळू उकरायला लागला. मग म्हणाला की वर्कशॉपमध्ये सुपरवायझरची जागा निघाली आहे. ती मिळाली तर फॅमिली व्हिसा. नाहीतर मार्चमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपतं, मग अकोला. वर्षभराच्या कामाच्या यादीत इक्बालभाई पहिले, मिलिंद दुसरा, थॉमस तिसरे, चौथा एक फिलिपिनो. गुन्नारसाहेबांनी ठरवलं होतं की या चौघांची गुरुवारी परीक्षा घ्यायची आणि जो जिंकेल त्याला जागा.

"अन् मी बसणार नाही," मिलिंद म्हणाला. "जागा इक्बालभाईची हाये. वर्षभर तेच पहिले होते."

मी तिथेच, लोकांसमोर, त्याला झापलं. "तुले अक्कल हाये का? पोरगी फोटोले पप्पा म्हणते तिकडं!"

"म्हणूनच त सांगतो, ताई. ज्यायच्या घरी तू जेवतेस, त्यायचाच घास वढू?"

मी चपलेतली वाळू झटकली आणि उठले. राग होताच, पण खरं सांगायचं तर आमच्या आईबापांनी याला बरं घडवलंय असंही वाटलं. 

घरी आल्यावर जेवताना मीच इक्बालभाईंना सगळं सांगून टाकलं. चुगली म्हणा हवं तर. त्यांनी हात धुतले, तडक मिलिंदच्या खोलीवर गेले, मीही मागोमाग. "बसणार नाय म्हणतोस?" ते दारातूनच कडाडले. "मग मीपण नाय बसत! एकटाच धावलो आणि पहिला आलो म्हणून मिरवू काय? गुरुवारी आठ वाजता यायचं. यल्ला, चल, तयारीला लाग!"

मिलिंदने मान खाली घातली आणि बरं म्हणाला.

सलमाबाद हे पर्यटकांनी जावं असं ठिकाण नाही. गोदामं, गॅरेजं, लोखंड कापल्याचा आवाज, कामगारांच्या खोल्यांबाहेर वाळत घातलेले कपडे. तरी माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर सकाळ मी तिथे पाहिली. गुन्नारसाहेबांनी मला ऑफिसच्या काचेआड खुर्ची दिली. आणि त्या कमी बोलणाऱ्या माणसाने काय करावं? चौघांना लाल, निळं, पांढरं, पिवळं अशी चार रंगांची हेल्मेट, स्पीडवेच्या गड्यांसारखी! परीक्षेच्या चार फेऱ्या आणि प्रत्येक फेरीला तीन, दोन, एक, भोपळा. फळ्यावर गुण मांडायला ते स्वतः खडू घेऊन उभे. सगळं वर्कशॉप काम सोडून गोळा झालं होतं.

बेअरिंग बदलणं, वायरिंग, पंप जोडणं अशा तीन फेऱ्या झाल्या तेव्हा इक्बालभाई आठ, मिलिंद सात. बाकीचे दोघे बरेच मागे. चौथ्या फेरीत चार सारखे जनरेटर ठेवले होते. सुरू होत, दोन-तीन मिनिटं चालत आणि बंद पडत. दोष शोधा.

इक्बालभाईंनी क्षणात डिझेलचा फिल्टर खोलला. थॉमस आणि तो फिलिपिनोही तिकडेच. मिलिंद मात्र नुसता उभा. त्याने मशिन सुरू केलं, बंद पडू दिलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद पडू दिलं. मी काचेआड स्वतःशीच ओरडत होते, अरे हात चालव रे बाबा! मग त्याने टाकीला कान लावला आणि झाकण सैल केलं. फुस्स! झाकणातलं हवेचं बारीक भोक साहेबांनी ग्रीसने बुजवून ठेवलं होतं. आत हवा जाईना म्हणून डिझेल खाली उतरेना. मिलिंदने टाचणीने भोक मोकळं केलं, झाकण लावलं, आणि मशिन धडधडू लागलं ते थांबलंच नाही. पाठोपाठ थॉमसना सापडलं, इक्बालभाई तिसरे. फळ्यावर दहा विरुद्ध नऊ.

शिट्ट्या, टाळ्या, पान्यांनी पत्रे बडवणं! मी काचेआड एकटीच नाचले, लाज सोडून.

मिलिंदने हेल्मेट काढून साहेबांसमोर धरलं. "सर, होल इयर इक्बालभाई नंबर वन. ये जगह उनकी है."

 इक्बालभाई पुढे आले. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते हरल्याचंच पाणी होतं, उगाच गोड करून सांगत नाही. त्यांनी ते हेल्मेट पुन्हा त्याच्या डोक्यावर घट्ट बसवलं. "मी हरलो ते खरं हरलो, मिलिंद. तू नको म्हणालास तर माझं हरणंपण खोटं होईल. खलास! विषय बंद." आणि त्याचा हात धरून वर उचलला.

गुन्नारसाहेबांनी खडू खाली ठेवला आणि रुमालाने नाक पुसलं.

त्या दिवशी रुख्सानाभाभींनी बिर्याणी केली. वाढताना त्यांचा हात एकदा थबकला, ते मला दिसलं. मग त्यांनी मिलिंदच्या ताटात सगळ्यात मोठा तुकडा ठेवला आणि म्हणाल्या, "वैनीला लिहा, येताना कोकम आण म्हणावं."

चार-पाच दिवसांनी मी अकोल्यात परतले. वैशाली पुन्हा कणीकच मळत होती. सांगितल्यावर तिने पिठाच्या हातांनी मला मिठी मारली, माझी विमानप्रवासाची नवी साडी पांढरी झाली. हिवाळा संपायच्या आत मायलेकी निघाल्या. प्रज्ञा विमानतळावर बापाला बघून आधी लपली आणि मग सोडेचना, असं पत्रात आलं. इक्बालभाई पुढेही त्याच जागी राहिले, आणि शुक्रवारची कॅसेट त्यांच्याच घरी लागत राहिली.

मला अजून कुणी विचारलं तर मी सांगते की प्लेऑफ अन्यायाचेच. वर्षभर राबलेल्या माणसाकडून एका सकाळीत सगळं काढून घेणं बरोबर नाही, आणि मी ते डोळ्यांनी पाहिलंय. त्या अन्यायाचे दोन किलो पेढे मी अकोल्यात घरोघरी जाऊन वाटले, ताठ मानेने. वैशाली निघाली तेव्हा आणखी एक डबा बांधून तिच्या सामानात ठेवला. त्यावर मिलिंदचं नाव नव्हतं, इक्बालभाईंचं होतं.