आत्या सही करत नाही

नवऱ्याचं घर सोडून ती भावाकडे आली, तेव्हा चार दिवसांची पाहुणी म्हणून सगळे गोड बोलले. पाचव्या दिवशी ती भावाच्या गॅरेजात जाऊन रॉकेलमध्ये बेअरिंगं धुवायला बसली. त्याला आता बावीस वर्षं झाली. भाचा तिला आत्या म्हणायचा, म्हणून गिऱ्हाइकंही आत्याच म्हणू लागली. गाड्यांच्या तपासणीचा परवाना तिच्याच नावावर होता.

त्या सकाळी शाळेची व्हॅन तपासणीला आली. सोबत ड्रायव्हर आणि मालक. आत्याने पुढच्या चाकाजवळ, चाक धरणाऱ्या खालच्या लोखंडी आर्मखाली जॅक लावला, चाक बोटभर उचललं आणि वर-खाली धरून हलवलं. टक् असा आवाज आला.

"ब्रेक दाबून धरा," तिने ड्रायव्हरला सांगितलं आणि पुन्हा हलवलं. बेअरिंगचा दोष असता तर आता चाक गप्प बसलं असतं. ते बसलं नाही. मग टायरखाली पहार घालून तिने जरा रेटा दिला. ज्या बॉल जॉइंटवर चाक तोललं जातं, तो खोबणीत खुळखुळत होता. रबराची टोपी फाटलेली, आतल्या ग्रीसची माती झालेली.

"जॉइंट गेलाय. बदलल्याशिवाय सही नाही."

"कालच साठ किलोमीटर पळाली की," मालक म्हणाला.

"काल तुटला नाही, हे त्याचे उपकार."

मालक भाच्याकडे वळला. "आत्याला समजाव. बाराला शाळा सुटते, पोरं ताटकळतील."

भाच्याने आत्याला बाजूला घेतलं. "त्यांच्या पाच गाड्या आपल्याकडे येतात गं. आज कर सही. सोमवारी बदलू."

"सोमवारपर्यंत त्यात तू बसशील?"

ते ऐकून मालकाचा तोल गेला. "बाईच्या हातात पाना दिला की असंच व्हायचं. जी नवऱ्याकडे टिकली नाही, ती गिऱ्हाइकं काय टिकवणार?"

ड्रायव्हरने मान खाली घातली. आत्याने चाक काढून भिंतीला टेकवलं, जॉइंटचा नट सोडला आणि बाजूला हातोड्याचे दोन घाव घातले. जॉइंट सुटला. तो तिने मालकासमोर धरून हलवला. हलणाऱ्या दातासारखा तो चहूकडे डुलत होता.

"आता न्या गाडी," ती म्हणाली.

दारातल्या खुर्चीवर बसून तिचा भाऊ सगळं ऐकत होता. आता त्याने मुलाला हाक मारली. "नवा जॉइंट घेऊन ये. दोन आण, दुसऱ्या बाजूचाही बघू."

मालकाने फोन करून पोरांसाठी दुसरी गाडी मागवली. चार वाजता व्हॅन दुरुस्त होऊन गेली. आत्याने सही केली, ती नेहमीपेक्षा जरा मोठीच.

मालकाच्या गाड्या पुन्हा आल्या नाहीत. भाचा आठ दिवस तोंड फुगवून होता. नवव्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "पाच गाड्या गेल्या, आत्या. तुझ्यापायी."

"गेल्या त्या धड चाकांवर गेल्या," आत्या म्हणाली आणि भाताचं पातेलं पुढे ओढलं. "तुला वाढू का?"