भिंतीवरची दवाई

केवलराम भंडाऱ्याकडचा गडी. भिलाईत कारखाना उभा होऊन राहिला होता तवा माती फेकाले आला, आन लागला डीडीटीच्या गँगमंदी. मी तेजराम, त्याचा जोडीदार. मी बालटीतला पंप हाणायचो, तो नळी धरून भिंतीवर फवारा मारायचा.

पावर हाउसच्या पलीकडं आमा मजुरांच्या मातीच्या झोपड्या. चारी बाजूनं खोदकामाचे खड्डे, खड्ड्यात पाणी, पाण्यात मच्छर. हिवताप कोनाच्या घरात नव्हता ते विचारा!

घरोघरी केवलरामचं भाषण ठरलेलं. "दाणापाणी बाहेर काढा, भांडे झाका, लेकरं दूर न्या. मी पाण्यात दवाईचा घोल करून राहिलो, कोनी हात लावू नका. मात्रा म्हंजे मात्रा! जास्त टाकली तं मच्छर डबल मरत नाही, माणसालेच विषबाधा होते." बाया हसायच्या, "आले वं मात्रावाले!" मलेही चीड यायची. अरे लेका, फवारा मार आन चाल ना पुढं! पण तो 'असर' सांगितल्याबिगर उंबरठा सोडत नव्हता. "मच्छर रक्त पिऊन भिंतीवर बसते. तिथं तिले दवाई लागते आन ते मरते. म्हणून हे पांढरे डाग पुसू नका, भिंत मातीनं पोतारू नका. भिंतीवर दवाई हाये तोवर असर हाये."

एवढा जीव तोडून सांगायचा, त्याले कारण होतं. त्याची बायको रंभा पोटुशी होती. सुरवातीलेच तिले हिवतापानं असं धरलं का दुर्गच्या डॉक्टरनं साफ सांगितलं, आता बाळंतपणात ताप आला तं बाई हाती लागणार नाही. केवलरामनं आपली झोपडी अशी फवारली, एक कोपरा कोरडा ठेवला नाही. पण मात्रा तीच, सगळ्यांची होती ते.

पोरगी झाली. रंभा धडधाकट, लेकरू गोरंगोमटं. केवलराम हसला का त्याचे सगळे दात दिसत.

आता आमच्यात सोयर फेडतात तवा घर सारवून-पोतारून काढा लागते, त्याबिगर लेकराले पाळण्यात घालत नाही. केवलरामनं मायले, गयाबाईले, बजावलं, "माय, भुई सारव. भिंतीले हात लावू नको." बुढी हो म्हणली. आमी कुरुद गावाले फवाराले गेलो.

संध्याकाळी आलो तं भिंती पिवळ्या मातीनं चकचकीत! बुढीनं खालपासून वरपर्यंत पोतारल्या होत्या, आन घामाघूम होऊन हसत होती. "बाटलेल्या भिंतीत नातीचं नाव ठेवू का रे?" म्हणे.

केवलराम मायवर वरडला नाही. तसाच पावडर मागाले गँगच्या साहेबाकडं गेला. साहेब म्हणला, एका फेरीत एका घराले एकदाच, पावडर कुलपात हाये. पाया पडला, तरी नाहीच! मले आजही त्या साहेबाची आठवण आली का अंगाचा तिळपापड होते.

आमची बालटी-पंप धुतलेलं पाणी खड्ड्यात वता लागे, असा नेम होता. त्या दिवशी केवलरामनं ते घरी आणलं. मी पंप हाणला, त्यानं नळी धरली. नुसतं पाणी, भिंतीवर पांढरा डाग उठे ना. मी म्हणलं, "याच्यात मात्रा किती रे?" तो म्हणला, "काहीच नाही." आन मारतच राहिला.

ताप आलाच. रंभा थंडीनं खाट हालवे. गोळ्या दिल्या, त्या उलटीत पडल्या. दुर्गले नेता नेता बैलगाडीतच गेली बिचारी. लेकरू मागं गयाबाईपाशी होतं.

तेरवी झाल्यावर बुढीनं त्याचा हात धरला. मी तिथंच होतो. म्हणली, "केवल, माह्या हातानं मेली का रे ते? भिंत पोतारली म्हणून?"

केवल म्हणला, "नाही वं माय. ते दवाईच कच्ची होती. तिच्यात दमच नव्हता."

बुढी ढसाढसा रडली, पण तिच्या जिवाले थंडक पडली. तिनं ते शेजारच्या गिरजाबाईले सांगितलं, गिरजाबाईनं साऱ्या वस्तीले. खुद्द फवाऱ्यावालाच म्हणते दवाई कच्ची! आन काय पाहिजे लोकाईले?

पुढच्या फेरीले आमी गेलो तं दारं बंद. कोनी तोंडावर हसलं, कोनी म्हणलं, आधी आपली बायको वाचवाची होती. मले असा राग आला का बालटी फेकून द्यावी वाटली. म्हणलं, "केवल, सांगून टाक ना बे खरं!" तो नाही अशी मान हालवून पुढं चालू लागला.

चालता चालता त्याचं घर आलं. गयाबाई दारात, कडेवर पोरगी. बुढीनं दार अर्धं लोटून घेतलं. "नको मारू रे बाप्पा. तूच तं म्हणला तिच्यात दम नाही. फुकट वास कायले? लेकरू हाये घरात."

पोरीच्या गालावर मच्छर चावल्याचे लाल ठिपके होते. केवलरामनं पाहिले, मीही पाहिले.

"बरं माय," तो म्हणला. आन नळी खांद्यावर टाकून पुढच्या घराकडं गेला.